मागची मिरवणूक

१

दुपारी एक वाजला की बहारीनच्या मीना सलमान बंदराकडच्या त्या गल्लीतली दुकानं शटर खाली ओढत आणि चारपर्यंत तिथं चिटपाखरू फिरकत नसे. मालक ताहिरशेठ जेवून झोपायला घरी जात. प्रबुद्ध मात्र दुकानातच थांबायचा. खोलीवर जाऊन करायचं काय, तिथला एसी नुसता आवाज करायचा. शिवाय कॅसेटच्या प्रती काढायचं काम दुपारीच बरं. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो, तिथं कुणाची घाई चालत नाही.

दुकान टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्तीचं होतं. बोटीवरचे खलाशी, नेव्ही बेसवरचे गोरे, गोदीतले फिलिपिनो, सगळ्या देशांच्या कॅसेट तिथं यायच्या. एका देशाची कॅसेट दुसऱ्या देशाच्या मशीनवर लावली की रंग जातात, चित्र पळतं. ते जुळवून देण्यात प्रबुद्धचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. मशीन परत देताना तो गिऱ्हाइकाला न चुकता एक सूचना करायचा. पॉज फार वेळ ठेवू नका. टेप एका जागी थांबली की हेड तिच्यावर घासत राहतं, म्हणून मशीन थोडा वेळ वाट बघतं आणि आपणच पॉज सोडून पुढं चालू लागतं. "त्याला तुमच्यापेक्षा टेपची काळजी जास्त," असं म्हणून तो हसायचा.

शहाण्णव साल संपून सत्त्याण्णव लागलं होतं. अशाच एका दुपारी अर्ध्या शटरखालून वाकून व्हितोल्ड आत आला. गोदीत जहाजांचं वेल्डिंग तपासणारा हा पोलंडचा माणूस पन्नाशीचा, लालबुंद मानेचा आणि बोलायला गोड होता. येताना त्यानं आल्याच्या वासाचा केक आणला होता, तो त्यानं आधी टेबलावर ठेवला आणि मग कॅसेट पुढं केली.

"मुलानं पाठवली आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्या टीव्हीवर रंग येत नाहीत."

प्रबुद्धनं कॅसेट लावली. करड्या आभाळाखाली एक रुंद रस्ता होता आणि त्यावरून माणसं चालत होती. बहुतेक तरुण, डोक्यावरचे केस बारीक कापलेले, दंडाला पट्ट्या, हातात झेंडे. वरच्या कुठल्यातरी खिडकीत कॅमेरा ठेवून कुणीतरी निघून गेल्यासारखं चित्र होतं, जराही हलत नव्हतं. दगडी रस्त्यावर बुटांचा आवाज एका तालात पडत होता.

"राष्ट्रीय दिवस," व्हितोल्ड म्हणाला. "आमच्या लोकांचा मोर्चा. दर वर्षी मोठा होतो. पहिल्या ओळीतला मधला बघ. माझा मुलगा."

मुलगा उंच होता, बापासारखाच रुंद खांद्यांचा. मध्येच सगळ्यांनी मिळून काहीतरी घोषणा दिली. प्रबुद्धनं अर्थ विचारला.

"पोलंड पोलिश माणसांचा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे आपापल्या घरी जातील." व्हितोल्डनं केकचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "मी इथून एक दिवस घरी जाईन. तू घरी जाशील. चांगलं आहे, नाही?"

"पण ज्यांचं घर तिथंच आहे, त्यांनी कुठं जायचं?"

व्हितोल्ड हसला. त्याला प्रश्न कळला नाही की त्यानं तो कळून घेतला नाही, हे प्रबुद्धला शेवटपर्यंत समजलं नाही.

रंग काही आले नाहीत. प्रबुद्धनं सगळी बटणं फिरवून पाहिली, दुसरं मशीन जोडून पाहिलं. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. शेवटी व्हितोल्डच म्हणाला, राहू दे, रांग सरळ दिसते ना, मग झालं. जाताना त्यानं तशाच आणखी दोन कॅसेट टेबलावर ठेवल्या. मागच्या वर्षांच्या आहेत, पाहून झाल्यात, खलास, पुसून तुझ्या कामाला वापर.

तो गेल्यावर प्रबुद्धला एक गोष्ट जाणवली. तासभर एवढी माणसं कॅमेऱ्यासमोरून गेली, पण एकानंही वर पाहिलं नव्हतं. आणि कॅसेट संपली तेव्हा रांग संपलेली नव्हती.

२

प्रबुद्ध परभणीकडचा. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी जन्मला म्हणून वडिलांनी, यादवरावांनी, हौसेनं हे नाव ठेवलेलं. बायको कुसुम आणि मुलगी श्रावस्ती गावीच होत्या. दोन वर्षांतून एकदा रजा मिळायची, त्यात पोरीची उंची दाराच्या चौकटीवर खूण करून ठेवायची आणि परत निघायचं, असं चाललेलं.

फेब्रुवारीत बहारीनमधल्या जयंती मंडळातला एक जण रजेवरून परतला, त्याच्याबरोबर कुसुमनं कॅसेट पाठवली. मागच्या एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीची. तालुक्याच्या स्टुडिओवाल्यानं एकच कॅसेट काढून दिली होती, ती सगळ्या वस्तीनं आधी पाहिली आणि मग गल्फला रवाना केली, परत पाठवायच्या बोलीवर. वर श्रावस्तीच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती : 'जयंती. पप्पांसाठी.'

स्टुडिओवाला विहाराच्या पायरीवर उभा राहिला होता. समोरचा रस्ता एक हलकं वळण घेऊन थेट शाळेपर्यंत दिसत होता. शाळेकडून मिरवणूक यायची, मारुतीच्या देवळावरून, पाटलाच्या वाड्यावरून. पुढं लेझीम, मग बेंजो, मग ट्रॅक्टरवर हार घातलेला बाबासाहेबांचा फोटो, मग पांढऱ्या साड्यांतल्या बायका. सगळ्यांत शेवटी लहान मुली, आणि त्यांच्याही मागं निळा झेंडा धरून श्रावस्ती. कॅमेऱ्यासमोर आली की ती थांबून सरळ त्यात पाहायची आणि ओठांनी 'पप्पा' म्हणायची. हे शेवटचं दृश्य प्रबुद्धनं इतक्यांदा पाहिलं, की टेपला त्या जागी बारीक रेघ आली.

त्या रस्त्याची गोष्ट वेगळीच होती. यादवरावांच्या काळी तिथून मिरवणूक काढायची सोय नव्हती. 'तुमची तुम्ही मागच्या अंगानं न्या' असं दर साली बजावलं जाई. आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली झाल्या त्या साली त्याच रस्त्यानं माणसं वस्तीवर चालून आली होती. प्रबुद्ध तेव्हा कॉलेजात होता. घोषणा नव्हत्या, आरडाओरडा नव्हता. आधी फक्त पावलं ऐकू आली, खूपशी, एकत्र. यादवरावांनी बायकापोरांना मागच्या तुरीत हाकललं आणि प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून एकच सांगितलं, "मागं बघू नका." ते स्वतः सगळ्यांत शेवटी होते. वस्ती जळाली आणि यादवराव तुरीपर्यंत पोचले नाहीत. आता त्याच रस्त्यावर त्यांची नात झेंडा धरून हसत होती. प्रबुद्धला ती कॅसेट लाखमोलाची होती.

म्हणून त्यानं एक लबाडी केली. व्हितोल्डच्या दोन्ही कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची खुंटी तोडलेली होती. ती तोडली की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, जे आहे ते कायम राहतं. पण भोकावर सेलोटेप चिकटवली की मशीन फसतं, हे कुठल्याही मेकॅनिकला माहीत असतं. त्यानं दोन्ही भोकं बुजवली आणि दोन प्रती काढल्या. एक बहारीनच्या मंडळासाठी. दुसरी, 'हीच ती' असं सांगून, मार्चच्या अखेरीस निघालेल्या माणसाबरोबर गावी पाठवली. पोरीच्या अक्षरातली चिठ्ठी असलेली खरी कॅसेट त्यानं स्वतःच्या पेटीत ठेवली.

३

मंडळाची प्रत शुक्रवारी त्याच्या जुफैर भागातल्या खोलीत लावली. ऑफिसातले, वर्कशॉपमधले पाच-सहा जण आले होते. खोलीतला जोडीदार व्हॅलेरियन वसईचा, हॉटेलात कामाला. त्यानं सगळ्यांना चहा केला आणि स्वतः पलंगावर पाय पसरून बसला.

लेझीम आली, बेंजो आला, ट्रॅक्टर आला. जो तो आपलं गाव आठवत होता. श्रावस्ती कॅमेऱ्यासमोर येऊन हसली तेव्हा कुणीतरी प्रबुद्धच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात व्हॅलेरियन म्हणाला, "अरे, मागे अजून कोण येतंय? मिरवणूक संपली ना?"

रस्त्याच्या टोकाला, शाळेपाशी, एक आडवी काळी रेघ होती. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"जुन्या रेकॉर्डिंगची सावली आहे," प्रबुद्ध म्हणाला. "पुसणारं हेड मळलं की खालचं थोडं राहतं."

"मेकॅनिकच्या घरचं मशीनच मळलेलं," व्हॅलेरियन म्हणाला, आणि सगळे हसले.

प्रबुद्धही हसला. पण खरी कॅसेट त्याला तोंडपाठ होती. शाळेपाशी श्रावस्तीच्या मागं काही नव्हतं, एक बाभूळ होती आणि तिच्याखाली सायकल टेकवलेली होती. या प्रतीत ती सायकल दिसत नव्हती. ती रेघेच्या मागं गेली होती.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर ओढून त्यानं स्पिरिटनं सगळी हेडं पुसली आणि प्रत पुन्हा लावली. श्रावस्ती आली, हसली. रेघ आता शाळेपाशी नव्हती. वळणावर होती.

सावली जागची हलत नाही. ती टेपवर जिथं असते तिथंच पुन्हा दिसते. हे त्याला कळत होतं, तरी त्यानं मनाची समजूत घातली, की काल आपण नीट पाहिलं नसेल. मग पुन्हा लावली. रेघ वळण घेऊन अलीकडं आली होती. आता ती रेघ राहिली नव्हती, डोकी दिसत होती.

रस्ता रंगीत होता. धूळ तांबडी, साड्या पांढऱ्या, झेंडा निळाशार. फक्त मागून येणारे बिनरंगाचे होते. त्याचंही त्यानं कारण शोधलं. त्यांच्या देशाची रंगाची पद्धत निराळी, म्हणून ते करडे दिसणार. कारण अगदी बरोबर होतं, पण त्यानं धीर आला नाही. लेझमीचा आवाज संपून श्रावस्तीपाशी नेहमी शांतता असायची. त्या शांततेत आता खालून काहीतरी तालात पडत होतं. प्रबुद्धनं आवाज वाढवला. हा आवाज त्यानं व्हितोल्डच्या कॅसेटच्याही आधी ऐकलेला होता, आपल्या घराच्या दारात, कॉलेजात असताना.

त्या दिवसांत सरकारविरुद्धच्या आंदोलनात बहारीनच्या गावांकडं टायर जळत, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत. ताहिरशेठ चारला आले तेव्हा त्याचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, बाहेर काही झालं. "मफी मुश्किल, काही अडचण नाही," ते म्हणाले, "आज सगळं शांत आहे."

५

त्यानं व्हितोल्डला निरोप पाठवला. व्हितोल्ड आला, केक घेऊनच आला. प्रबुद्धनं काही न सांगता प्रत लावली.

लेझीम पाहून व्हितोल्डनं मान डोलावली. ट्रॅक्टरवरचा फोटो कुणाचा, म्हणून विचारलं. "आमच्यासाठी कायदा लिहिणाऱ्याचा," प्रबुद्ध म्हणाला. श्रावस्ती आली. तिच्यामागं, मारुतीच्या देवळाच्याही अलीकडं, ते आले होते. दंडावरच्या पट्ट्या दिसत होत्या. चेहरे दिसत होते, पण सगळे समोर, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला पाहत होते.

व्हितोल्ड खुर्चीत पुढं सरकला. त्याला नवल वाटेल, तो घाबरेल, निदान 'हे कसं झालं' एवढं तरी विचारेल, अशी प्रबुद्धची अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. त्याचे डोळे भरून आले.

"मधला," तो म्हणाला. "माझा मुलगा. बघ किती लांब चालतात. तरुण आहेत."

"हे माझं गाव आहे," प्रबुद्ध म्हणाला. "ती माझी पोरगी आहे. ते कुठं चालले आहेत?"

"ते?" व्हितोल्डनं मान न वळवता उत्तर दिलं. "ते कुठं जात नाहीत. ते फक्त चालतात. जातात ते दुसरे."

तो गेल्यावर प्रबुद्धनं खालच्या कपाटातला टेप पुसायचा मोठा चुंबक काढला. त्याच्याखालून कॅसेट फिरवली की आतलं सगळं जातं, सावलीबिवली काही उरत नाही. हात पुढं होईना. ट्रॅक्टरवरचा हार घातलेला फोटो डोळ्यांपुढं आला. त्यानं हात जोडून मनातल्या मनात माफी मागितली आणि कॅसेट चुंबकाखाली तीनदा फिरवली. मग खात्रीसाठी लावली. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके होते, पण ते एका तालात थरथरत होते. त्यानं प्लग ओढून काढला.

आणि तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की दुसरी कॅसेट गावी आहे.

६

कुसुम दर शुक्रवारी सकाळी बसस्टँडवरच्या बूथवर फोनची वाट पाहत बसायची. प्रबुद्धनं कार्ड घातलं, नंबर फिरवला. जयभीम झाला, तब्येती विचारून झाल्या.

"कॅसेट पोचली का?"

"पोचली की. विहारात टीव्ही आनलाय, रोज संध्याकाळी लावतेत. समदी वस्ती बघती. पर एक विचारू का? ती मागची मिरवणूक कुन्या गावची हो?"

"कोणती मागची?"

"आवं, आपल्या मागून येती ती. बिनरंगाची. आदी शाळेपाशी व्हती, आता वाड्यापाशी आली. शांताक्का म्हनती, तिकडली असंल, तुमी जोडली असंल. लई शिस्तीत चालतेत बघा. पोरं लेझमीत तसंच पाऊल टाकायला शिकलीत."

"ती कॅसेट लावू नका. जाळून टाक ती."

"जाळू?" कुसुमचा आवाज बदलला. "बाबासायबाचा फोटू हाय तिच्यात. कोन हात लावंल तिला?"

खरं काय ते सांगितलं असतं तरी परदेशात नवऱ्याचं डोकं फिरलं, एवढंच तिला वाटलं असतं. जयंती तीन दिवसांवर आली होती. मागून ढकलल्यासारखं त्याच्या तोंडून निघून गेलं, "यंदा त्या रस्त्यानं मिरवणूक काढू नका. मागच्या अंगानं न्या."

आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं. हेच वाक्य, याच शब्दांत, त्याच्या बापाला दर साली ऐकावं लागलं होतं.

"हे कोन बोलतंय?" कुसुम हळूच म्हणाली. "मामंजी ज्या रस्त्यापायी गेले, त्यो सोडा म्हनताव? तुमी?"

"बरं, निदान श्रावस्तीला घरी ठेव. माझी शपथ आहे."

"कामून ठिवू? सहा म्हैन्यापासून झेंडा धुऊन ठिवलाय तिनं. मागच्या सालावानीच समद्यांत मागं चालनार हाय, तुमाला नीट दिसावं म्हनून." आणि मग जरा मऊ होऊन म्हणाली, "भिऊ नका. आता कोन येतंय आपल्यावर चालून?"

कार्ड संपलं.

७

जयंतीच्या दिवशी मंडळानं एका हॉलमध्ये संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला होता. इथं रस्त्यावर मिरवणूक काढायची सोय नव्हतीच. दुपारी सगळे फुगे, पताका लावायला गेले. प्रबुद्ध डोकं दुखतंय म्हणून खोलीवर राहिला. व्हॅलेरियननं ड्यूटीवर जाताना त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "ताप नाही रे. झोप जरा."

खिडकीबाहेर ऊन रणरणत होतं. इथं तीन वाजले होते, म्हणजे तिकडं उन्हं कलली असतील, शाळेपाशी ट्रॅक्टर उभा राहिला असेल, आता कुठल्याही घडीला मिरवणूक निघेल. मघाशी खालून बसस्टँडच्या बूथवर फोन लावला तर कुणी उचलत नव्हतं. सगळं गाव रस्त्यावर होतं.

त्यानं पेटीतून खरी कॅसेट काढली. हिला व्हितोल्डच्या टेपचा स्पर्श नव्हता. हिच्यावर खाली काही नव्हतं, वर काही नव्हतं. पोरीचं हसू एकदा स्वच्छ बघावं, म्हणजे जीव ठिकाणावर येईल, एवढंच त्याला वाटत होतं. चिठ्ठीवरून बोट फिरवून त्यानं ती मशीनमध्ये सारली.

लेझीम आली. बेंजो आला. ट्रॅक्टर आला, साड्या आल्या. सगळं होतं तसंच होतं. शाळेपाशी बाभूळ दिसली, सायकल दिसली, रस्ता मोकळा होता. प्रबुद्धनं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. मग लहान मुली आल्या, आणि त्यांच्यामागं श्रावस्ती.

नेहमीच्या जागी ती थांबली. कॅमेऱ्याकडं तिचं तोंड नव्हतं. दोन वेण्या दिसत होत्या, रिबिनी दिसत होत्या, मान दिसत होती. ती मागं बघत होती.

"श्रावस्ती," तो पडद्याला म्हणाला, "मागं बघू नको."

रस्ता तांबडा होता, साड्या पांढऱ्या होत्या. तिच्या हातातला झेंडा मात्र निळा राहिला नव्हता. तो करडा झाला होता, आणि तो करडेपणा काठीवरून तिच्या बोटांपर्यंत उतरला होता. लेझमीनंतरच्या शांततेत खालून काहीतरी पडायला सुरुवात झाली.

प्रबुद्धनं झडप घालून पॉज दाबला.

चित्र थांबलं. पाऊल थांबलं. तिचा एक पाय उचललेला होता, मान तशीच वळलेली होती. असंच राहू दे, तो म्हणत होता, आपण इथंच बसू, मी हलत नाही, तूही हलू नको. बटणावरचं बोट पांढरं पडलं तरी त्यानं काढलं नाही. पण बोट ठेवल्यानं काही होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? मशीनच्या आत टेपच्या त्याच जागेवर हेड घासत होतं. थोडा वेळ ते वाट बघेल आणि मग आपणच पुढं चालू लागेल.

तो बसून राहिला.